विचारा तर खरं : तिवई डुगडुगत नाही, मग कोडॉन कसा डुगडुगतो?

मागच्या अंकात लशीवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात ‘वॉबल’ हा शब्द वापरला आणि तीन ओळींत त्याची बोळवण केली. त्या तीन ओळींनी माझा महिना खाल्ला. पत्रे आली, व्हॉट्सॲपवर निरोप आले, आणि एकाने तर फोंड्याच्या बाजारात, माझ्या हातात तवशांची पिशवी असताना, मला गाठून विचारले. म्हणून या वेळचा सगळा रतीब याच विषयाचा. नव्याने येणाऱ्यांसाठी आधी ओळख : आरएनए हा ए, यू, जी, सी या अक्षरांचा धागा, आणि ए समोर यू, जी समोर सी ही त्याची नेहमीची जोडी. त्यातली तीन अक्षरे म्हणजे एक कोडॉन, प्रथिनात कोणते अमिनो आम्ल घालायचे ते सांगणारा. ते अमिनो आम्ल वाहून आणणारा छोटा आरएनए म्हणजे टीआरएनए, आणि कोडॉनशी जुळणारी त्याची तीन अक्षरे म्हणजे अँटिकोडॉन. या जुळणीत एका जागी जो सैलपणा असतो, तोच वॉबल. मधुमेहाच्या गोळ्या आणि माळ्यावरची वाळवी यांबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

आधी माझी चूक

मी लिहिले होते, ‘कोडॉनचे तिसरे अक्षर आणि अँटिकोडॉनचे तिसरे अक्षर यांची जोडी सैल असते.’ डिचोलीच्या एका वाचकाने, ते निवृत्त लॅब टेक्निशियन आहेत, पोस्टकार्ड पाठवून माझा कान धरला. पोस्टकार्डावर एकच ओळ होती : ‘बाई, तिसरे नव्हे, पहिले.’ बरोबर आहे त्यांचे. चौतीस वर्षे फळ्यावर हे बरोबर लिहिले आणि छापताना घसरले.

गोंधळ होतो तो असा. आरएनएच्या धाग्याला दोन टोके असतात, एक पाच-प्राइम आणि दुसरे तीन-प्राइम, आणि रिवाज असा की वाचायचे ते पाच-प्राइमकडून. पण दोन धागे एकमेकांशी जुळतात ते उलट्या दिशांनी. फोंड्याच्या स्टँडवर दोन कदंब बसगाड्या शेजारी, पण विरुद्ध दिशांना तोंड करून उभ्या आहेत असे समजा. एकीच्या ड्रायव्हरशेजारी दुसरीची मागची सीट येणार. फिनिलॲलॅनिन या अमिनो आम्लाचा एक कोडॉन आहे यूयूसी. तो वाचणाऱ्या टीआरएनएचा अँटिकोडॉन पुस्तकात छापतात जीएए. आता हे जसेच्या तसे एकाखाली एक मांडून पाहा : यू खाली जी, यू खाली ए, सी खाली ए. सगळे बिघडले. खालचा शब्द उलटा करा, एएजी, की यू-ए, यू-ए, सी-जी अशी सरळ जोडी लागते. म्हणजे कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरासमोर बसते ते अँटिकोडॉनचे पहिले अक्षर. सैलपणा आहे तो या जागी. डिचोलीकरांचे आभार.

प्रश्न : बाई, मी बारावीला आहे, साखळीची. चाचणीत ‘पेशीला किती प्रकारचे टीआरएनए लागतात?’ असा प्रश्न होता. अमिनो आम्लांचे कोडॉन ६१ म्हणून मी ६१ लिहिले. सरांनी काट मारून बाजूला २० लिहिले आणि गुण दिला नाही. बरोबर कोण?

उत्तर : बाळा, दोघेही नाही. शाळेचे नाव तू कळवले आहेस, मी छापत नाही. पण तुझ्या सरांची बाजूही समजून घे. २० हा आकडा हवेतून आलेला नाही. अमिनो आम्ले २०, आणि प्रत्येक अमिनो आम्ल योग्य त्या टीआरएनएच्या शेपटीला चिकटवणारी एन्झाइम्सही साधारणपणे २० प्रकारची असतात. सरांच्या डोक्यात ती असावीत. तुझ्या डोक्यात कोडॉन होते. टीआरएनए या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी राहतात, आणि ते मधे का राहतात याचे नावच वॉबल.

माझे वडील गावच्या कालोत्सवातल्या नाटकांत कामे करीत. माणसे आठ आणि पात्रे पंधरा, हे दरवर्षीचे दुखणे. एक गृहस्थ होते, पेशाने पोस्टमन. पहिल्या अंकात ते शिपाई, दुसऱ्यात भालदार, तिसऱ्यात तुरुंगाचा पहारेकरी. मी विंगेत बसून पाहायची. फेटा बदलायचा, भाला जाऊन काठी यायची, मिशी तीच. आणि वाक्यही तेच : ‘जो हुकूम महाराज!’ तीन पात्रांना तीन माणसे लागली नाहीत, कारण तिघांचे बोलणे एकच होते. त्यांना राजा मात्र कधी करता आले नाही. राजाचे वाक्य वेगळे.

टीआरएनए हा तो नट. जीसीयू, जीसीसी, जीसीए ही तीन पात्रे, आणि तिघांच्या वाट्याला आलेले वाक्य एकच, ॲलॅनिन. एक टीआरएनए तिन्ही वठवू शकतो. पण पहिली दोन अक्षरे बदलली की नट बदललाच पाहिजे. सेरीनचे उदाहरण बघ. त्याचे सहा कोडॉन आहेत : यूसी ने सुरू होणारे चार, आणि एजीयू, एजीसी हे दोन. अमिनो आम्ल तेच असले तरी यूसी वाचणारा टीआरएनए एजी वाचू शकत नाही. पहिल्या दोन अक्षरांत सूट नाही, जी काय आहे ती तिसऱ्यात.

सूट किती, याचे नियम फ्रान्सिस क्रिक यांनी १९६६ साली मांडले. डीएनएच्या रचनेसाठी ज्यांना १९६२चे नोबेल मिळाले, तेच हे क्रिक. अँटिकोडॉनच्या पहिल्या जागी सी असेल तर तो फक्त जी ला ओळखतो. ए असेल तर फक्त यू ला. जी असेल तर सी आणि यू, दोघांनाही. यू असेल तर ए आणि जी. आणि ‘आय’ नावाचे एक पाहुणे अक्षर असेल तर यू, सी, ए असे तिघांना. या पाहुण्यावर वेगळा प्रश्न आला आहे, खाली येईल.

आता चौकटींचा कागद घे आणि माझ्याबरोबर मोज. हे वर्गात मी दरवर्षी करवून घ्यायची आणि दरवर्षी मागच्या बाकांवरचे आधी संपवायचे. ६४ कोडॉनची पहिल्या दोन अक्षरांनुसार १६ घरे पडतात, प्रत्येक घरात चार. त्यातली आठ घरे अशी, की चारही कोडॉनचे अमिनो आम्ल एकच : ल्युसीन, व्हॅलीन, सेरीन, प्रोलीन, थ्रिओनीन, ॲलॅनिन, अर्जिनीन, ग्लायसीन. क्रिकच्या नियमांत चारांना पुरणारा एकच टीआरएनए नाही, दोन हवेत. आठ दुणे सोळा. पाच घरे अर्धी-अर्धी वाटलेली आहेत, यू-सी एका अमिनो आम्लाला आणि ए-जी दुसऱ्याला, जसे हिस्टिडीन आणि ग्लुटामिन. तिथेही घरटी दोन, म्हणजे दहा. सव्वीस झाले. टायरोसीनच्या घरात उरलेले दोन कोडॉन ‘थांबा’ म्हणणारे, म्हणजे प्रथिन इथे संपले असे सांगणारे, म्हणून एकच. सत्तावीस. सिस्टीनच्या घरात सिस्टीनला एक, ट्रिप्टोफॅनला एक, आणि एक ‘थांबा’. एकोणतीस. शेवटचे घर आयसोल्युसीनचे. त्याचे तीन कोडॉन आय-वाला एकटा सांभाळतो, आणि उरलेल्या एयूजी साठी मेथिओनीनचा एक. एकतीस.

तर किमान ३१. प्रथिनाची सुरुवात करणारा मेथिओनीनचा टीआरएनए वेगळा असतो, तो धरला तर ३२. खऱ्या पेशी एवढी काटकसर करत नाहीत. माणसाच्या जनुकसंचात टीआरएनएची चारशेहून अधिक जनुके आहेत, पण वेगवेगळे अँटिकोडॉन मोजले तर पन्नासच्या आत. ६१ नाहीतच.

आणि आता एक गंमत. आपल्या पेशीतल्या, तिला ऊर्जा पुरवणाऱ्या माइटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, जनुके फक्त ३७. त्यात टीआरएनए २२. क्रिकच्या किमान आकड्यापेक्षाही नऊ कमी! तिथे चौघांच्या घरात एकच टीआरएनए पुरतो, कारण त्याच्या पहिल्या जागचा यू कुठलीही सजावट न करता नुसता ठेवलेला असतो आणि तो चारही अक्षरे चालवून घेतो. आठ घरांचे आठ, अर्ध्या घरांचे चौदा, झाले बावीस. आमच्या नाटकात अशी वेळ एकदाच आली होती, गावात देवी-कांजिण्यांची साथ होती तेव्हा.

सरांशी भांडू नकोस. हा कागद नेऊन दाखव आणि त्यांच्यासमोर मोज.

प्रश्न : मी सुतार, बोरीचा. तुमचा लेख मुलीने वाचून दाखवला. वॉबल म्हणजे खुर्ची डुगडुगते तसे, असे तुम्ही लिहिले. पण बाई, डुगडुगते ती चार पायांची खुर्ची. तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. तुमच्या कोडॉनला तर तीनच अक्षरे. मग डुगडुग आली कुठून? आम्ही दार बसवताना वाव ठेवतो, तसे काही आहे का?

उत्तर : एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. तुम्ही विचारलात, आणि शेवटच्या वाक्यात उत्तरही देऊन ठेवलेत. खुर्चीची उपमा मी मागे घेते.

कोडॉन पूर्ण उभा डुगडुगत नाही. त्याच्या तीन सांध्यांपैकी एक सांधा थोडा सरकू शकतो, एवढेच. दारच घेऊ. आमच्या घराचे मागचे दार फणसाच्या लाकडाचे. ते बसवले तेव्हा सुताराने बिजागऱ्यांच्या बाजूला केसाएवढी फट ठेवली नाही, आणि कडीच्या बाजूला मात्र पैसा सरकेल एवढी ठेवली. मी तेव्हा लहान होते, मला वाटले माप चुकले. जुलैत पाऊस लागला, लाकूड फुगले, आणि शेजारच्यांचे दार खांद्याने ढकलावे लागत होते तेव्हा आमचे बोटाने लागत होते. दोन बिजागऱ्या घट्ट, कडीशी वाव. कोडॉनची बांधणी हीच.

सांधा सरकतो म्हणजे काय होते, ते जवळून पाहू. जी आणि सी समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यात तीन हायड्रोजन बंध जुळतात, ए आणि यू मध्ये दोन. ही नेहमीची, गुण्यात बसणारी जोडी. जी समोर सी च्या जागी यू आला तर सरळ बसत नाही. पण यू जरासा बाजूला सरकला, तर दोन बंध जुळतात आणि जोडी टिकते. धाग्याचा कणा मोडत नाही, फक्त त्या ठिकाणी किंचित वाकडा होतो. क्रिक यांनी कागदावर नेमके हेच मोजले : कोणती अक्षरे किती सरकली तर जोडी जमेल आणि किती सरकणे कण्याला परवडेल.

मग पहिल्या दोन सांध्यांतही यू सरकून बसला तर? बसूही शकेल, पण रायबोसोम बसू देत नाही. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिने जुळवणारा कारखाना. टीआरएनए येऊन कोडॉनला टेकला, की रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएमधली तीन अक्षरे बाहेर वळतात आणि पहिल्या दोन जोड्यांना बाजूने चाचपतात. तुम्ही गुण्या लावता ना, तसे. जोडी नेहमीच्या आकाराची असेल तर गुण्या बसतो आणि काम पुढे सरकते. वेडीवाकडी असेल तर टीआरएनए बहुधा निसटून जातो. तिसऱ्या जोडीला असा गुण्या लावला जात नाही. ही तपासणी जवळून दाखवली ती केंब्रिजमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने, २००१ साली. रामकृष्णन मूळचे तमिळनाडूतल्या चिदंबरमचे. रायबोसोमच्या रचनेसाठी २००९चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्याबरोबर मिळाले.

पण वाव ठेवला म्हणजे मोकाट सोडले, असे नाही. तुम्ही जशी पाचर मारता, तशी पेशीही मारते. अँटिकोडॉनच्या पहिल्या जागचा यू बहुतेक वेळा साधा नसतो, त्याला काही ना काही रासायनिक गट चिकटवलेला असतो. काही पाचरी वाव कमी करतात, काही वाढवतात. माणसाच्या माइटोकॉन्ड्रियातल्या ल्युसीनच्या एका आणि लायसीनच्या टीआरएनएवर या जागी टॉरीन असते. होय, ‘एनर्जी ड्रिंक’च्या डब्यावर छापलेले असते तेच टॉरीन. ल्युसीनच्या त्या टीआरएनएच्या जनुकात, माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधल्या ३२४३व्या जागी, ए चा जी झाला की टॉरीनची पाचर नीट बसत नाही. मग तो टीआरएनए यूयूजी हा कोडॉन धड वाचू शकत नाही. स्नायू आणि मेंदू यांच्यावर घाला घालणारा ‘मेलास’ नावाचा आजार बहुतेक वेळा याच बदलातून येतो. एका पाचरीची ही गोष्ट. तुमच्या धंद्यातही एका पाचरीने पलंग कुरकुरतो, पण तो दुरुस्त तरी करता येतो.

मुलीला सांगा, पुढचा प्रश्न तिने स्वतः विचारायचा.

प्रश्न : आरएनएमध्ये ए, यू, जी, सी ही चारच अक्षरे असतात असे शिकवतात. तुम्ही ‘आय’ कुठून आणला? – नववीतला एक वाचक, म्हापसा. (आमची बेकरी आहे. बाबा म्हणतात की हे यीस्टमध्ये सापडले, ते खरे का?)

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांचे खरे आहे.

आय म्हणजे इनोसिन. जनुकात हे अक्षर कुठेच लिहिलेले नसते, तिथे ए असतो. टीआरएनए तयार झाल्यावर एक एन्झाइम येते आणि त्या ए वरचा अमिनो गट काढून टाकते. उरते ते इनोसिन. म्हणजे हा बाहेरून आलेला पाहुणा नाही, घरातलाच माणूस वेष बदलून आलेला. एकटा ए फक्त यू ला ओळखतो, आणि आय झाला की यू, सी, ए तिघांशी जमवून घेतो.

यीस्टची गोष्ट अशी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट होली यांना एक टीआरएनए पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षर अक्षर वाचायचा होता. आज यंत्रात नमुना घातला की काम होते. तेव्हा त्यांना आधी शुद्ध टीआरएनए पुरेसा जमवावा लागला, आणि त्यासाठी लागले १४० किलो यीस्ट. हाती आला १ ग्रॅम. तुझ्या बाबांना विचार, १४० किलो यीस्टमध्ये किती पाव होतील. (माझ्या आजीच्या वेळचा पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर घालायचा. त्या पावाचा वास वेगळाच होता, पण ते असो.) १९६५ साली होलींनी ॲलॅनिनच्या टीआरएनएची ७७ अक्षरांची ओळ प्रसिद्ध केली. न्यूक्लिइक आम्लाचा एक अख्खा रेणू असा वाचून झाल्याची ही पहिलीच वेळ. आणि अँटिकोडॉनच्या जागी काय निघाले? आय-जी-सी. पुढच्याच वर्षी क्रिक यांनी नियम मांडले तेव्हा हा आय त्यांच्या समोर होता. या अँटिकोडॉनने जीसीयू, जीसीसी, जीसीए वाचले पाहिजेत आणि जीसीजी सोडला पाहिजे, हे नियमातून सरळ निघत होते.

होलींना १९६८चे नोबेल मिळाले ते मार्शल निरेनबर्ग आणि हरगोविंद खोराना यांच्याबरोबर. खोराना पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यात जन्मले, ते आता पाकिस्तानात आहे. कोणता कोडॉन कोणत्या अमिनो आम्लाचा, हा कोश उलगडण्यात या दोघांचा मोठा हात.

प्रश्न : तिसरे अक्षर एवढे बिनमहत्त्वाचे असेल तर निसर्गाने दोन अक्षरांतच का भागवले नाही? – एक वाचक, पेडणे.

उत्तर : चार गुणिले चार सोळा. अमिनो आम्ले वीस, शिवाय ‘थांबा’ला एक खूण हवी. पुरत नाहीत. आणि बिनमहत्त्वाचे मी म्हटले नव्हते. हिस्टिडीन की ग्लुटामिन, हे तिसरे अक्षरच ठरवते. यूजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि यूजीए म्हणजे ‘थांबा’. या एका अक्षराने प्रथिन अर्ध्यात तुटते.

प्रश्न : नमस्कार बाई. मी मडगावची. माझ्या भाच्याला पायांत जोर नाही म्हणून डॉक्टरांनी जनुक-तपासणी करायला सांगितली. अहवालात एका ठिकाणी ‘सिनॉनिमस व्हेरिएंट’ लिहिले आहे. प्रयोगशाळेत फोन केला तर तिथल्या माणसाने ‘तिसऱ्या अक्षराचा बदल आहे, अमिनो आम्ल तेच राहते, काही नसते त्यात’ असे सांगून फोन ठेवला. तुमचा लेख वाचून वाटले, वॉबलमुळे ते खरे असेल. मी निश्चिंत राहू का?

उत्तर : ताई, मी डॉक्टर नाही, त्यामुळे भाच्याच्या अहवालावर मी मत देणार नाही आणि देऊही नये. पण फोन ठेवणाऱ्या माणसाचे वाक्य अर्धेच आहे, ते पुरे करणे माझ्या हातात आहे.

बदल दुसऱ्या अक्षरात झाला की काय होते ते सर्वांना माहीत असलेले उदाहरण सिकलसेलचे. हिमोग्लोबिनच्या आरएनएमध्ये जीएजी चा जीयूजी होतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते, आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. तिसऱ्या अक्षरातला बदल पुष्कळदा असे काही करत नाही. जीएजी चा जीएए झाला असता तर ग्लुटामिक आम्लच राहिले असते. म्हणून अशा बदलांना ‘सिनॉनिमस’, समानार्थी, म्हणतात, आणि बहुतेक समानार्थी बदल निरुपद्रवी असतात, हेही खरे.

पण जनुक फक्त रायबोसोम वाचत नाही. रायबोसोमपर्यंत पोचण्याआधी कच्च्या आरएनएमधून नको ते तुकडे कापून हवे ते जोडले जातात. कापणारी यंत्रणा तीच अक्षरे वेगळ्या नजरेने पाहते. तिला कोडॉनशी देणेघेणे नाही, ती खुणा शोधते. आणि कधीकधी तिची खूण नेमकी एखाद्या कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरावर असते.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या आजाराचे उदाहरण देते. तुमच्या भाच्याला हाच आहे असे मी म्हणत नाही, उदाहरण नेमके आहे म्हणून. पाठीच्या कण्यातले स्नायूंना चालवणारे मज्जापेशींचे जाळे टिकायला एक प्रथिन लागते. माणसात त्याची दोन जवळजवळ जुळी जनुके आहेत, एसएमएन १ आणि एसएमएन २. आजारात पहिले जनुक गेलेले किंवा बिघडलेले असते. दुसरे शाबूत असते, तरीही भागत नाही. का? दुसऱ्याच्या सातव्या तुकड्यात एका ठिकाणी सी ऐवजी टी आहे (डीएनएमध्ये यू च्या जागी टी असतो), म्हणजे आरएनएमध्ये यूयूसी ऐवजी यूयूयू. दोन्ही फिनिलॲलॅनिनचेच. डिचोलीकरांच्या पोस्टकार्डावरून आपण वर मांडला तो जीएए अँटिकोडॉनवाला टीआरएनए यूयूसी ही वाचतो आणि यूयूयू ही, काहीच अडचण नाही. रायबोसोमच्या दृष्टीने बदल झालेलाच नाही. पण कापणाऱ्या यंत्रणेची खूण त्या एका अक्षराने पुसट होते आणि ती बहुतेक वेळा सातवा तुकडाच गाळून टाकते. उरलेले प्रथिन तोकडे, लवकर मोडणारे. नुसिनर्सेन नावाचे औषध, अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेले, याच जागी काम करते : दुसऱ्या जनुकाचा सातवा तुकडा गाळला जाऊ नये म्हणून.

तेव्हा वॉबलवरून एवढेच सांगता येते की टीआरएनएला अडचण येणार नाही. बाकीचे सांगता येत नाही. अहवाल घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा. ज्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली त्यांना विचारा, ते नाव देतील. जाताना तीन गोष्टी विचारायच्या म्हणून लिहून न्या : हा बदल कोणत्या जनुकात आहे, तो तुकड्यांच्या जोडणीजवळ आहे का, आणि अहवालात त्याचे वर्गीकरण काय केले आहे. ‘काही नसते त्यात’ हे वर्गीकरण नव्हे. आणि प्रयोगशाळेला पुन्हा फोन करायचा तर बोलणाऱ्याचे नाव आधी विचारून घ्या. नाव विचारले की माणसे फोन ठेवत नाहीत, असा माझा अनुभव.

प्रश्न : ‘वॉबल’ला चांगला मराठी शब्द सुचवा. – एक शिक्षिका, काणकोण.

उत्तर : मी ‘डगमग’ वापरून पाहिला, मुले हसली. ‘डुगडुग’ची वाट बोरीच्या सुतारांनी लावली. या महिन्यापासून माझे मत ‘वाव’ला. दोन अक्षरे, उच्चाराला सोपा, आणि हेतू ठेवून सोडलेली मोकळीक हा अर्थ त्यात आधीपासूनच आहे. वर्गात शिकवताना ‘तिसऱ्या जागेचा वाव’ म्हणून पाहा आणि मुले काय म्हणतात ते कळवा. उत्तरपत्रिकेत मात्र ‘वॉबल’च लिहायला सांगा.